‘मी तुमच्या जागी असतो तर’... मग वडील कुणाचे?

रिपोर्ट पाहून होतात, पर्याय सांगून होतात. मग समोरचा माणूस फाईल मिटतो, खुर्चीत जरा पुढे सरकतो आणि विचारतो, “ता सगळा ठीक आसा डॉक्टरानू, पण तुमी काय केला असतास?”

कसालच्या दवाखान्यात हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. गुडघा बदलायचा का, पित्ताशय काढायचं का, आईला बांबोळीला न्यायचं की इथेच ठेवायचं. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना कधीतरी हा प्रश्न विचारला असेल. आजचा लेख कुठल्या एका आजारावर नाही. या प्रश्नाच्या उत्तरातल्या एका छोट्या शब्दावर आहे. त्या शब्दाने एका घरात गोंधळ झाला, आणि तो गोंधळ मी केला होता. (घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मालवण रस्त्याला लागून आत असलेल्या एका वाडीतले आजोबा. वय 76. मधुमेह वीस वर्षांहून जुना, हृदयाचा पंप थोडा कमजोर आणि किडन्या हळूहळू थकत चाललेल्या. किडनीचं काम किती टक्के उरलंय याचा अंदाज ‘ईजीएफआर’ या आकड्यावरून येतो. तो 15 च्या खाली गेला की पाचवी, म्हणजे शेवटची पायरी. आजोबांचा आकडा 9 वर आला होता. तेवढ्यावरून लगेच डायलिसिस करावंच लागतं असं नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला एक मोठा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात आकडा पाहून लवकर डायलिसिस सुरू केलेल्यांचं आयुष्य, त्रास होईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त वाढलेलं दिसलं नाही. पण आजोबांना आता त्रास सुरू झाला होता. अन्नावरची वासना गेलेली, अंगाला खाज, रात्री आडवं झालं की दम.

वय आणि हृदय पाहता किडनी प्रत्यारोपण शक्य नव्हतं. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास, आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. पोटातून घरी करायच्या डायलिसिसला घरात रोज हाताशी माणूस लागतो, तो नव्हता. तिसरा पर्याय लोकांना माहीतच नसतो. डायलिसिस न करता फक्त औषधांवर राहायचं. दम, खाज, सूज, रक्त कमी होणं, या सगळ्यावर उपचार चालू ठेवायचे आणि उरलेले दिवस घरी काढायचे. यात ‘काहीच करत नाही’ असं नसतं. खूप वय झालेल्या आणि इतर मोठे आजार असलेल्या काही रुग्णांसाठी हाही शहाणपणाचा मार्ग असतो.

आजोबांबरोबर या विषयावर माझं बोलणं झालं होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. मी पर्याय सांगितल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि म्हणाले, “माणसान किती दिवस अशे काढूचे?” मी ते वाक्य मनात नोंदवून ठेवलं. यांना डायलिसिस नको आहे.

मुलगा शारजाला, मुलगी ठाण्याला. मुलाची बायको केरळची, तिथल्याच एका रुग्णालयात परिचारिका. तिला मराठी बोललेलं समजतं, वाचता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या तिघांनी मला विचारलं की डॉक्टर, तुम्ही काय कराल? सुनेला वाचता यावं म्हणून मी उत्तर इंग्रजीत लिहायला घेतलं. ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट स्टार्ट डायलिसिस फॉर...’ आणि माझं बोट थांबलं. ‘माय फादर’ की ‘युवर फादर’?

मी मराठी शाळेत शिकलो. इंग्रजीच्या सरांनी ‘इफ आय वॉज’ नव्हे, ‘इफ आय वेअर’, एवढं छडीच्या धाकाने पक्कं करून घेतलं. उदाहरण ठरलेलं असायचं: मी तुझ्या जागी असतो तर डॉक्टरांकडे गेलो असतो. पुढे डॉक्टर झालेल्याने कुठे जायचं, हे व्याकरणाच्या पुस्तकात नव्हतं. आणि वाक्यात पुढे कुणाचा बाप आला तर त्याला काय म्हणायचं, हेही नव्हतं.

मराठीत हा पेच पडतच नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. आपण म्हणतो, “मी तुमच्या जागी असतो तर वडिलांचं डायलिसिस सुरू केलं नसतं.” वडील कुणाचे ते सांगावंच लागत नाही. ‘आपल्या वडिलांचं’ म्हटलं तर आणखी मजा. ‘आपल्या’ म्हणजे माझ्या स्वतःच्या, आदराने तुमच्या, किंवा आपल्या दोघांच्या. तिन्ही अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदतात. डॉक्टरांना हा शब्द फार आवडतो. “आपण गोड बंद करूया,” असं मी मधुमेहाच्या रुग्णाला वर्षानुवर्षं सांगत आलोय. एकदा एका मावशींनी मला चतुर्थीत मोदक खाताना पाहिलं आणि तिथेच विचारलं, “आपण बंद केललो मां?”

इंग्रजीला असं मोघम चालत नाही. गुडघा किंवा घर असेल तर ‘द’ लावून पळवाट काढता येते. वडिलांना ‘द’ लावता येत नाही. मालक सांगावाच लागतो. ‘इफ आय वेअर यू’ म्हणताना मी क्षणभर तुम्ही होतो. म्हणजे पुढचा ‘आय’ हा मी नाही, माझ्या तोंडून बोलणारे तुम्ही आहात. मग ‘माय फादर’ म्हणजे तुमचे वडील. व्याकरणाच्या दृष्टीने हे अगदी सरळ. पण ऐकणाऱ्याला त्या ‘माय’मध्ये बोलणारा माणूसच दिसतो, आणि ‘युवर’ म्हटलं तर बोलणारा उंबऱ्याबाहेर उभा राहून सल्ला देतोय असं वाटतं. जॉर्ज लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या गुंत्याचं एक वाक्य चर्चेत आणलं होतं. त्यात बोलणारा स्वप्नात ब्रिजिट बार्दो ही नटी होतो आणि ‘माझं’ चुंबन घेतो. चुंबन घेणारी नटी, आणि ज्याचं घेतलं तो झोपलेला गडी. एका वाक्यात दोन ‘मी’. भाषेच्या वर्गात यावर हशा पिकत असेल. माझ्या फोनवर मात्र एका म्हाताऱ्या माणसाचे पुढचे महिने होते.

मी आधी ‘युवर’ लिहिलं. कोरडं वाटलं. पुसलं, ‘माय’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

त्यांनी त्याचा अर्थ लावला तो असा: डॉक्टरांच्या स्वतःच्या वडिलांनाही हाच आजार होता, आणि डॉक्टरांनी डायलिसिस केलं नव्हतं. मुलीने ठाण्यातल्या नातेवाइकांना तसंच सांगितलं. मुलाने रडत रडत ‘नको’ असं ठरवलं. ज्याने स्वतः भोगलंय त्याचा सल्ला आहे, मग शंका कशाला? दहा दिवसांनी मुलीचा फोन आला. औषधांचं विचारून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “डॉक्टर, तुमच्या बाबांना शेवटी फार त्रास झाला का हो?”

माझे बाबा तेव्हा पडवीत बसून पेपर वाचत होते. त्यांच्या किडन्या ठणठणीत आहेत.

मी तिला सगळं सांगितलं. सांगताना कान तापले होते. मी खोटं बोललो नव्हतो, पण जे मी भोगलं नव्हतं त्याचं वजन माझ्या शब्दाला मिळालं होतं आणि त्यावर एक निर्णय झाला होता. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, “मग आता आम्ही कशावर ठरवायचं?”

तुमच्याही घरात असा प्रसंग येईल म्हणून एक गोष्ट सांगतो. पीटर उबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2011 साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला होता. अमेरिकेतल्या डॉक्टरांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दोन शस्त्रक्रिया दिल्या. एकीत मृत्यूचा धोका थोडा जास्त. दुसरीत तो कमी, पण काहींना पोटावर कायमची पिशवी, जुनाट जुलाब असे त्रास मागे उरण्याची शक्यता. काही डॉक्टरांना विचारलं, रुग्ण तुम्ही स्वतः असाल तर काय निवडाल? इतरांना विचारलं, रुग्णाला काय सुचवाल? स्वतःसाठी सुमारे 38 टक्के डॉक्टरांनी जास्त मृत्यूचा धोका असलेली शस्त्रक्रिया निवडली. रुग्णासाठी तीच सुचवणारे सुमारे 25 टक्केच होते. आजार तोच, आकडे तेच. बदललं ते फक्त सर्वनाम.

यातलं कुठलं उत्तर बरोबर, हे अभ्यास सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण एवढं दिसतं की ‘तुम्ही काय केलं असतं’ आणि ‘मी काय करू’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर डॉक्टर स्वतःची भीती, स्वतःचं घर, स्वतःचा खिसा धरून देतो. पिशवी लावून जगण्याचा धसका त्याचा स्वतःचा असतो. तुम्हाला तो असेलच असं नाही.

मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते दहा दिवस उशिराने सुचलं. मी संध्याकाळी दवाखाना बंद करून आजोबांच्या घरी गेलो. तुळशीजवळच्या बाकड्यावर बसलो आणि त्यांना सरळ विचारलं, “आजोबा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, माणसाने किती दिवस असे काढायचे. तो माणूस कोण? तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच काही झालंय. “मी कशाक? माजो भाव.”

त्यांच्या धाकट्या भावाला मुंबईत तीन आठवडे व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. आजोबा रोज काचेतून बघून परत यायचे. माझ्याकडून ‘मशीन’, ‘नळी’, ‘आठवड्यातून तीनदा’ हे शब्द ऐकताना त्यांच्या डोळ्यांसमोर तो भाऊ होता. ते त्याच्याबद्दल बोलले, आणि मी ते त्यांच्या स्वतःबद्दल ऐकलं.

यात आमची, डॉक्टरांची, नेहमीची चूक आहे. अवघड गोष्ट बोलताना माणूस ‘मी’ सोडतो. ‘आपण’, ‘माणूस’, ‘एखादा’ यांच्या आड उभा राहतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक निबंध 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. इंग्रजी बोलणारे लोक स्वतःचे वाईट अनुभव सांगताना ‘मी’ऐवजी सर्वांना लागू होणारा ‘यू’ जास्त वापरतात, कारण त्याने दुःखापासून जरा अंतर मिळतं, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे तर याची परंपराच आहे. “एका मित्राक इचारूचा होता” म्हणत आलेला तरुण बहुतेक वेळा तो मित्र स्वतःच असतो. मी तो पडदा ओढत नाही. “तुमच्या मित्राला सांगा, दारू एकदम तोडू नको, हातपाय थरथरले तर लगेच ये,” असं सांगतो, आणि मित्र दोन दिवसांनी येतो. पण कधीकधी मित्र खरोखरच मित्र असतो, आणि ‘माणूस’ खरोखरच दुसरा माणूस. हे विचारल्याशिवाय कळत नाही. मी विचारलं नव्हतं.

मग आजोबांना डायलिसिस नीट समजावलं. भावाला लावलेली नळी ती नव्हे. इथे माणूस जागा असतो, बोलतो, चार तासांनी घरी येतो. थकवा येतो, कधी रक्तदाब खाली जातो, पाणी मोजून प्यावं लागतं. नको वाटलं तर बंद करता येतं. हे शेवटचं ऐकून ते सावरून बसले. “बंद करूक गावता?”

“गावता,” मी म्हटलं.

थोडा वेळ गेला. मग त्यांनी जे विचारलं ते माझ्या कुठल्याच पर्यायात बसत नव्हतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ते एकही वर्ष चुकले नव्हते. तुम्हाला माहीतच आहे, मसुऱ्याच्या या देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते. तेव्हा भाद्रपद चालू होता. “तारीख ठरापर्यंत मी रवतलंय काय?”

खात्री देता येणार नाही, पण डायलिसिस केलं तर शक्यता वाढते, असं मी सांगितलं. “मगे करूया,” ते म्हणाले. या ‘करूया’त कोण कोण होतं ते मी विचारलं नाही. स्पष्ट होतं.

मी मुलाला पुन्हा इंग्रजीतच लिहिलं. या वेळी त्यात ‘इफ’ नव्हतं. ‘युवर फादर वॉन्ट्स टू ट्राय इट.’ तीन महिने करून पाहायचं, मग त्यांनाच विचारायचं, असं ठरलं. अंगणात येऊन बसणंही जमेनासं झालं तर थांबायचं, ही अट आजोबांनीच घातली. मुदत ठरवून उपचार करून पाहणं ही वैद्यकात मान्य पद्धत आहे. तुम्हीही डॉक्टरांना तसं सुचवू शकता.

त्या दहा दिवसांची किंमत मात्र पडली. डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या जोडून ‘फिस्टुला’ करतात. तो वापरण्याजोगा व्हायला सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. खरं तर तो खूप आधी करून ठेवायला हवा होता. त्यांना काही नको आहे असं मी गृहीत धरलं, म्हणून तो विषयच निघाला नाही. दहा दिवसांत त्यांचा दम वाढला आणि मानेतल्या मोठ्या शिरेत तात्पुरती नळी घालून सुरुवात करावी लागली. अशा नळीत जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. त्यांना एकदा थंडी वाजून ताप आलाच, प्रतिजैविकं द्यावी लागली. घरातल्या कुणाच्या किडन्या उतरणीला लागल्या असतील तर फिस्टुलाचं बोलणं लवकर करा. डायलिसिस करायचं नक्की नसलं तरी करा. आणि ज्या हाताचा फिस्टुला करायचा त्या हाताची शीर रक्तासाठी किंवा सलाईनसाठी टोचू देऊ नका.

आता तुम्ही विचाराल, डॉक्टरला ‘तुम्ही काय केलं असतं’ हे विचारायचंच नाही का? जरूर विचारा. पण आधी त्याला तुमची जागा दाखवा. घरी कोण आहे, पावसात वाडीपर्यंत रिक्षा येते का, रोजंदारी किती बुडेल, कशाची भीती वाटते, काय बघायचं राहिलंय. “माझ्या जागी” असं म्हणताना ती जागा त्याने पाहिलेली नसेल तर तो स्वतःच्याच घरात बसून उत्तर देणार. आणि उत्तर आलं की एक उलट प्रश्न टाका: हे तुम्ही स्वतः अनुभवलंय, की तर्काने सांगताय? चांगला डॉक्टर रागावणार नाही. मी आता कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो.

रुग्णाला बोलता येत असेल तर त्याला वगळून घरच्या गटावर निर्णय घेऊ नका. बोलता येणार नाही अशी वेळ येण्याआधी लिहून ठेवायची सोयही आता आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे उपचारांचं काय करावं हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. त्यात ‘मी तुमच्या जागी’ नसतं. मी माझ्या पुढच्या ‘मी’साठी लिहितो. आजोबांनी भावाची आठवण ठेवून तसा कागद करून घेतलाय: व्हेंटिलेटर नको.

ते जत्रेला गेले. गाडीतून गेले, आणि आदल्याच दिवशी डायलिसिस करून घेतलं होतं. मला प्रसाद आणून दिला. ठरलेले तीन महिने केव्हाच उलटले. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, चलता हा, चलूंदे.

परवा डायलिसिसहून परतताना रक्तदाब तपासायला थांबले. पट्टा दंडाला बांधत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, आता गोठ्याचं होत नाही, म्हस विकून टाकू काय? “तुमी काय केला असतास, डॉक्टरानू?”

मी म्हटलं, आजोबा, मी उभ्या आयुष्यात म्हशीची धार काढलेली नाही. ते इतके हसले की रक्तदाब दुसऱ्यांदा मोजावा लागला.